दूरचित्रवाणीचा फुकट्या : एका संकल्पनेची चिकित्सा

अर्थशास्त्रातील काही संज्ञा विश्लेषणाची साधने म्हणून जन्मास येतात आणि व्यवहारात उतरल्यावर आरोपाची साधने बनतात. ‘फुकट्याचा प्रश्न’ ही त्यांपैकी एक होय. एखाद्या वस्तूचा लाभ पैसे न देणाऱ्यासही मिळत असेल, तर दुसऱ्याने पैसे द्यावेत व आपण लाभ घ्यावा, असा विचार प्रत्येक जण करील. परिणामी ती वस्तू पुरेशा प्रमाणात निर्माणच होणार नाही, एवढेच ह्या संज्ञेचे मूळ म्हणणे आहे. त्यात निंदा नाही, केवळ एक अनुमान आहे. परंतु सशुल्क दूरचित्रवाणीच्या चोरीची चर्चा जेथे जेथे होते, तेथे ह्या अनुमानाचे रूपांतर फिर्यादीत झालेले दिसते. प्रेक्षक हा फुकट्या, फुकट्या हा चोर आणि म्हणून अधिक मजबूत कुलूप हाच उपाय, अशी ती तर्कपरंपरा होय.

ही परंपरा तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाराष्ट्रातील केबल दूरचित्रवाणीचा १९९१ नंतरचा इतिहास समोर ठेवला, तर ज्यास फुकट्या म्हटले गेले तो प्रेक्षक बहुधा दरमहा पैसे मोजीत होता असे आढळते. हरवली होती ती मोजणी. आणि ती हरविण्यात ज्यांचा लाभ होता, ते प्रेक्षकाहून वेगळे होते. हे प्रतिपादन सिद्ध करण्यासाठी प्रथम संकल्पनेचा, नंतर तिच्यावरील एका प्रसिद्ध वादाचा आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ह्या आपल्याच नगरातील अनुभवाचा विचार करावयाचा आहे.

१. दोन गुणधर्मांची गल्लत

कल्पना जुनी आहे. दोन शेजारी मिळून कुरणातील पाण्याचा निचरा करू शकतील, परंतु हजार माणसांना तेच काम एकत्र करणे जवळजवळ अशक्य, कारण प्रत्येक जण आपला भार इतरांवर ढकलू पाहील, असे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच लिहून ठेवले होते. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक खर्चाच्या शुद्ध उपपत्तीवरील आपल्या छोट्या निबंधात ह्या विचारास गणिती रूप दिले. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली ‘सामूहिक कृतीचे तर्कशास्त्र’ मांडताना तो संघटना, संघ व दबावगट यांना लावून दाखविला.

ह्या साऱ्या विवेचनात दोन गुणधर्म एकत्र नांदतात आणि विद्यार्थी त्यांची वारंवार गल्लत करतात. एक, पैसे न देणाऱ्यास लाभापासून दूर ठेवता येते किंवा नाही. दुसरा, एकाने लाभ घेतल्यामुळे दुसऱ्याचा वाटा कमी होतो किंवा नाही. पहिला गुणधर्म कुंपणाचा आहे. दुसरा वस्तूच्या स्वभावाचा आहे. कुंपण माणसाने घालावयाचे असते व ते काळागणिक बदलते. वस्तूचा स्वभाव मात्र सहसा बदलत नाही.

हा भेद समजण्यास आपल्या नगरातील पाणचक्कीसारखे दुसरे उदाहरण नाही. उत्तरेकडील डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी येथे उंचावरून पडते, त्याच्या जोरावर जाते फिरते आणि तेच पाणी पुढे हौदात उतरते. दळणाने पाणी संपत नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील यात्रेकरू व विद्यार्थी यांच्यासाठी धान्य दळले गेले, म्हणून हौदातील पाणी घागरभरदेखील उणे झाले नाही. हौदातून मात्र जो घागर भरून नेतो, त्याची घागर दुसऱ्यास मिळत नाही. एकाच पाण्याचे हे दोन उपयोग होत: एकात वाटेकरी वाढल्याने काही घटत नाही, दुसऱ्यात घटते. दूरचित्रवाणीचा संकेत हा जाते फिरविणाऱ्या पाण्याच्या जातीचा आहे. वीज ही घागरीतल्या पाण्याच्या जातीची आहे. दोन्हींच्या अनधिकृत वापरास आपण ‘चोरी’ हा एकच शब्द लावतो आणि तेथूनच विचाराचा घोटाळा सुरू होतो.

कायद्यासही ही अडचण पडली होती, हे येथे नमूद करावयास हवे. अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, विजेचे अप्रामाणिक ग्रहण हा केवळ भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हा ठरत नव्हता. १९१० च्या वीज अधिनियमाने ती चोरी ‘मानली’ म्हणून तो गुन्हा झाला. जी वस्तू खरोखर घटते, तिच्याही बाबतीत चोरी ही कायद्याने केलेली कल्पना होती. मग जी घटतच नाही, तिच्या बाबतीत ‘चोरी’ ह्या शब्दाचा आधार किती सावधपणे घ्यावयास हवा, हे सांगणे नलगे.

२. सॅम्युएलसन व मिनेशियन यांचा वाद

संकेत विस्कटून पाठवावयाचा आणि पैसे भरणाऱ्यासच तो जुळविण्याचे यंत्र द्यावयाचे, ही युक्ती अमेरिकेत १९५० च्या दशकातच चर्चेत आली होती. कुंपण शक्य झाले, तेव्हा दूरचित्रवाणी ही आता सार्वजनिक वस्तू राहिली नाही, ती बाजाराच्या स्वाधीन करण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष काहींनी काढला. सॅम्युएलसन यांनी १९५८ साली त्यास हरकत घेतली. कुंपण घालता येते म्हणून ते घालणे योग्य ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणखी एका घराने कार्यक्रम पाहिल्याने प्रक्षेपकाचा खर्च पैभरही वाढत नसेल, तर त्या घरास वगळण्यात समाजाचा निव्वळ तोटा आहे. पाहणाऱ्याचे सुख गेले आणि कोणाचे काही वाचले नाही.

जोरा मिनेशियन यांनी १९६४ साली ह्यावर प्रतिटीका केली. त्यांचा मुद्दा असा की, जाहिरातींवर चालणारी ‘फुकट’ दूरचित्रवाणी तटस्थ नसते. तेथे कार्यक्रमाची निवड प्रेक्षकाच्या आवडीच्या तीव्रतेवर होत नाही, तर जाहिरातदारास किती डोकी मिळतील ह्यावर होते. वर्गणी ही नुसती वसुली नाही. लोकांना काय हवे आहे, हे कळण्याचे ते एक साधन आहे. सॅम्युएलसन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले आणि वाद विद्यापीठीय पाठ्यक्रमात स्थिरावला.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. सॅम्युएलसन यांच्या युक्तिवादावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, तो असा की, अनधिकृत प्रेक्षकांची संख्या गुणिले वर्गणीचा दर, ह्या हिशेबाने प्रसारकांचा ‘तोटा’ काढणे अशास्त्रीय आहे. जो फुकट मिळते म्हणून पाहतो, तो दर लागू झाल्यावरही पाहीलच असे नाही. उलट मिनेशियन यांच्या युक्तिवादावरून असे निघते की, एका घराचा सीमांत खर्च शून्य असला, तरी कार्यक्रम निर्माण करण्याचा खर्च शून्य नसतो; तो कोणीतरी सोसलाच पाहिजे आणि जो सोसतो, तो कार्यक्रमाचे रूपही ठरवितो.

तथापि ह्या वादात एक उणीव आहे व ती आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दोघांनीही दोनच पक्ष गृहीत धरले: एकीकडे प्रक्षेपक, दुसरीकडे प्रेक्षक. कुंपणाचा मालक व वस्तूचा निर्माता हे एकच असतात, असे त्यांच्या मांडणीत न बोलता मानलेले आहे. कुंपणाच्या दारावर तिसराच मनुष्य उभा असेल, त्यानेच पैसे घ्यावयाचे व त्यानेच किती जण आत गेले हे सांगावयाचे असेल, तर काय होते, ह्याचा विचार त्यांना करावा लागला नाही. आपल्याकडील केबलचा इतिहास म्हणजे ह्याच तिसऱ्या माणसाचा इतिहास होय.

३. केबलचालक आणि हरवलेली संख्या

भारतात प्रक्षेपणाच्या वसुलीचे पहिले रूप परवान्याचे होते. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून ग्राहकयंत्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. रेडिओचा व पुढे दूरचित्रवाणीचा परवाना टपाल कचेरीत शुल्क भरून घ्यावयाचा असे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाही हीच पद्धत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती बंद झाली आणि दूरदर्शनचा खर्च सरकारी तिजोरी व जाहिराती यांवर गेला. अर्थात् परवाना न घेता रेडिओ ऐकणारा हा त्या काळी कायद्याने गुन्हेगार होता; परवाना रद्द झाला त्या दिवशी तोच मनुष्य, तेच यंत्र, तीच कृती निर्दोष ठरली. फुकटेपणा हा स्वभावदोष नसून व्यवस्थेने दिलेली जागा आहे, ह्याचा हा पहिला पुरावा म्हणता येईल.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रहवाहिन्या आल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली. गच्चीवर तबकडी बसवून गल्लीतील घरांना तार पुरविणारा केबलचालक हा ह्या काळाचा खरा उद्योजक होय. सिडको-हडकोच्या वसाहतींपासून जुन्या शहरातील मोहल्ल्यांपर्यंत त्याच्या तारा घराघरांत गेल्या. त्याचे भांडवल अल्प होते, ओळख मोठी होती, वसुली दारोदार व रोखीने होती. ह्या व्यवसायास कायदा मिळाला तो १९९४ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने. त्यात केबलचालकाने मुख्य टपाल कचेरीत नोंदणी करावी, अशी तरतूद झाली.

ह्यानंतर वाहिन्या सशुल्क झाल्या आणि प्रश्नास तोंड फुटले. समजा, एका केबलचालकाकडे ५०० घरे आहेत. पाचशेही घरे त्याला दरमहा वर्गणी देतात. तो वरच्या वितरकास १०० घरे दाखवितो. हे आकडे केवळ कल्पनेचे आहेत, परंतु रीत खरी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आपल्या शिफारशींत तिचा विचार ‘कमी घोषित केलेली ग्राहकसंख्या’ म्हणून पुनःपुन्हा केला. ह्या उदाहरणात प्रसारकाच्या वहीत चारशे घरे फुकटी आहेत. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक घराने पैसे दिलेले आहेत. फुकट्याच्या उपपत्तीत मनुष्य आपली आवड लपवितो व म्हणून पैसे देत नाही. येथे त्याने आवडही लपविली नाही आणि पैसेही दिले. लपविली गेली ती त्याची गणती.

गणती लपविण्यास आणखी एक कारण होते. १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमान्वये महाराष्ट्रात प्रत्येक केबलजोडणीमागे शुल्क भरावे लागे व त्याची वसुली जिल्हाधिकारी कचेरीची करमणूक शाखा करी. म्हणजे एक खरा आकडा सांगितला की वरच्या वितरकाचे देणे वाढणार आणि सरकारचेही. प्रामाणिकपणावर असा दुहेरी कर बसल्यावर अप्रामाणिकपणा वाढला, तर त्यात नवल ते काय? १ जुलै २०१७ पासून हे शुल्क वस्तू व सेवा करात विलीन झाले, तोपर्यंत ही स्थिती कायम होती.

आणि प्रसारक काय करीत होते? ते सर्वस्वी पीडित होते असे म्हणता येत नाही. खरी संख्या मिळत नाही हे जाणून ते वितरकांशी घासाघीस करून एक ‘ठरीव’ संख्या मान्य करीत. कारण उघड आहे. न मोजलेला प्रेक्षक वर्गणीच्या वहीत नसला, तरी जाहिरातदारास विकावयाच्या प्रेक्षकवर्गात होताच. जुन्या तारेत वाहिन्यांना जागा थोडी असल्यामुळे आपली वाहिनी दाखविली जावी म्हणून पुष्कळदा प्रसारकच वितरकास पैसे देत. डॅलस स्मिथ यांनी १९७७ साली असे म्हटले होते की, व्यापारी प्रक्षेपणात प्रेक्षक हाच विक्रीचा माल असतो. हे मत संपूर्णपणे न स्वीकारताही एवढे म्हणता येईल की, ज्याचे लक्ष विकून पैसे मिळविले, त्यालाच फुकट्या म्हणणे हा हिशेबाचा विपर्यास आहे.

२०११ च्या दुरुस्तीनंतर अंकीकरण आले. चार महानगरांसाठी त्याची मुदत २०१२ साली होती. आपले नगर ज्या ३८ शहरांत होते, त्या दुसऱ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स बसला आणि प्रत्येक बॉक्सला क्रमांक मिळाला. हरवलेली गणती परत आली. मात्र ही पेटी कोणाच्या अप्रामाणिकपणामुळे आवश्यक झाली आणि तिचे पैसे मुख्यतः कोणी भरले, हे प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहावयास हवेत. आकडा लपविला मधल्याने. पेटीचा भार आला तो ग्राहकावर. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे शुल्क म्हणून कमाल १३० रुपये व कर, अधिक निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचे दर, अशी आकारणी झाली. मिनेशियन यांस अभिप्रेत असलेली निवड अशा रीतीने, निदान कागदावर, ग्राहकाच्या हाती आली.

४. विजेचा ताळा

ह्या निष्कर्षाचा ताळा ह्याच नगरात पाहता येतो. २०११ साली महावितरणने शहरातील वीजवितरणाचे काम जीटीएल ह्या खाजगी कंपनीकडे सोपविले. भिवंडीत २००७ साली टोरेंट कंपनीकडे दिलेल्या कामाचा कित्ता समोर होता. ह्या व्यवस्थेत कंपनीने शहराच्या वेशीवर मोजलेली वीज विकत घ्यावयाची आणि घरोघर वसुली करावयाची असते. तारेवर आकडा टाकून घेतलेले प्रत्येक युनिट हा म्हणून मधल्या कंपनीचाच तोटा असतो.

केबलशी तुलना केल्यास दोन्ही व्यवस्थांतील विरोध डोळ्यांत भरतो. विजेच्या बाबतीत मोजणी मध्यस्थाच्या वर होते, म्हणून मध्यस्थ पहारेकरी बनतो. केबलच्या बाबतीत मोजणी मध्यस्थाच्या खाली होई व तोच ती सांगे, म्हणून मध्यस्थ पडदा बनला. दोन्हीकडे माणसे त्याच शहरातील, वस्त्या त्याच, उत्पन्नेही तीच. वर्तनातील फरक नीतिमत्तेचा नसून मोजणीच्या जागेचा आहे. रोनाल्ड कोस यांनी १९७४ साली दीपस्तंभावरील निबंधात दाखविलेली गोष्ट ह्याच जातीची आहे. समुद्रात प्रकाशाचे पैसे मागता येत नाहीत. परंतु जहाज बंदरात येतेच, तेथे ते लपत नाही आणि म्हणून इंग्लंडात शुल्क बंदरात घेतले जाई.

तथापि मोजणीची जागा योग्य असली की सारे साधते, असेही मानू नये. जीटीएलची व्यवस्था टिकली नाही; थकबाकीच्या वादातून २०१४ साली तो करार संपुष्टात आला. मोजणी ही वसुलीची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. देणाऱ्याची ऐपत आणि सेवेवरील विश्वास ह्या दोन्ही गोष्टी मीटरच्या बाहेर राहतात.

५. आक्षेपांचा विचार

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खरा फुकट्याही असतो. शेजाऱ्याच्या तारेतून तार ओढणारा, एका घराच्या सांकेतिक शब्दावर चार घरांत चित्रपट पाहणारा, चोरट्या मार्गाने शेकडो वाहिन्या विकणाऱ्याचा ग्राहक, ह्यांना काय म्हणावयाचे? हा आक्षेप मान्य आहे. अशी कृती समर्थनीय आहे असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र ह्या तिघांतही भेद करावयास हवा. चोरट्या वाहिन्या विकणारा दुसऱ्याच्या श्रमावर व्यापार करतो. त्याचा ग्राहक पैसे देतो, पण चुकीच्या हातात. शेजाऱ्याची तार घेणारा काही विकत नाही आणि बहुधा शेजाऱ्याच्या संमतीनेच घेतो. एकास जी शिक्षा तीच दुसऱ्यास, हा न्याय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वांनीच असे वागावयाचे ठरविले, तर कार्यक्रम निर्माण कसे होणार? ह्यास उत्तर असे की, पैसे कोणी द्यावयाचे ह्याची एकच रीत नाही. प्रसारभारतीची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली विनाशुल्क थेट उपग्रहसेवा (आजची डीडी फ्री डिश) प्रेक्षकाकडून मासिक वर्गणी घेत नाही. खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावून तिच्यावरील जागा विकत घेतात. तबकडी बसविलेले घर तेथे फुकटे ठरत नाही, हवेहवेसे प्रेक्षक ठरते. तीच मालिका, तेच कुटुंब; एका व्यवस्थेत गुन्हा, दुसऱ्या व्यवस्थेत आमंत्रण. अर्थात् मिनेशियन यांचा इशारा येथे विसरता कामा नये: जाहिरातदाराच्या पैशावर चालणारा कार्यक्रम जाहिरातदाराच्याच आवडीचा होण्याचा संभव असतो.

शिवाय सामूहिक लाभ व फुकटेपणा यांची गाठ अटळ आहे, हेही आपल्या प्रांताच्या अनुभवास धरून नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम अशा नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी शेतकरी पाळीने घेत आले. पाटकरी पाणी वाटतो व ज्याची पाळी त्याच्याच शेतात पाणी जाते, हे सगळ्यांना दिसते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली जगभरच्या अशा व्यवस्थांचा अभ्यास करून जे निष्कर्ष काढले, त्यांत देखरेख करणारे हे वापरणारेच असावेत किंवा वापरणाऱ्यांस उत्तरदायी असावेत, हा एक प्रमुख होता. फडावरची मोजणी देणाऱ्यास दिसते. केबलची मोजणी देणाऱ्यास कधीच दिसली नाही. पुष्कळदा त्यास पावतीही मिळाली नाही. त्याने दिलेल्या पैशाचा मागोवा घेण्याचे कोणतेच साधन त्याच्या हाती नव्हते आणि तरीही गळतीचे खापर त्याच्याच माथी फोडण्यात आले.

समारोप

तात्पर्य, फुकट्याची संकल्पना टाकून द्यावी असे येथे म्हणावयाचे नाही. तिची कक्षा मर्यादित करावी, एवढेच म्हणणे आहे. ती वापरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत. वस्तू वापराने घटते काय? मोजणी कोण करतो आणि चुकीच्या मोजणीत कोणाचा लाभ आहे? आणि जो पैसे देत नाही असे म्हटले जाते, त्याने ते दुसऱ्या कोणाला, किंवा दुसऱ्या रूपाने, दिलेले तर नाहीत ना? सशुल्क दूरचित्रवाणीच्या प्रचलित चर्चेत पहिला प्रश्न क्वचित् विचारला जातो, दुसरा टाळला जातो आणि तिसरा सुचतही नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस ह्या दिशेने काम करण्यास भरपूर वाव आहे. एखादी वसाहत व एखादा जुना मोहल्ला घ्यावा. तेथील जुन्या केबलचालकांच्या वसुलीच्या वह्या, ग्राहकांच्या पावत्या व आठवणी जमवाव्यात. तारा कोणाच्या खांबांवरून गेल्या व त्या खांबांचे भाडे कोणी दिले किंवा दिले नाही, हेही पाहावे. ती माणसे आज हयात आहेत. वह्या मात्र झपाट्याने रद्दीत जात आहेत. असा अभ्यास झाल्यास फुकट्या कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर घराच्या आत शोधण्यापूर्वी घराबाहेरच्या खांबावर शोधावे लागेल, असे वाटते.